हौशी कोण आणि भरतीवाले कोण?

आमच्या शहरातल्या रनिंग क्लबची वार्षिक सर्वसाधारण सभा मागच्या महिन्यात झाली. सभेत चार ठराव आले आणि चारही बहुमताने मंजूर झाले. मी या क्लबची चार वर्षांपासून सभासद आहे. सभेला हजर होते, पहिल्या तीन ठरावांच्या विरोधात मी हात वर केला आणि माझ्यासोबत आणखी तीन हात होते. क्लबचं नाव इथे लिहीत नाही. असे क्लब आता प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत आणि नाव वगळलं तरी ठराव तुम्हाला ओळखीचे वाटतील.

पहिला ठराव, नगरपरिषदेचं मैदान पहाटे पाच ते साडेसात क्लबसाठी राखीव राहील. नगरपरिषदेसोबत तीन वर्षांचा देखभाल करार झालाय, त्यात तसं कलम आहे म्हणे. दुसरा, क्लबच्या घटनेत दुरुस्ती: क्लब हौशी धावपटूंसाठी आहे, त्यामुळे नोकरभरतीचा किंवा व्यावसायिक सराव क्लबच्या वेळेत मैदानावर करता येणार नाही. तिसरा, नव्या सभासदाला दोन जुन्या सभासदांची शिफारस लागेल आणि वार्षिक वर्गणी बाराशेवरून तीन हजार. चौथा, क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकीय आणि जातीय घोषणा चालणार नाहीत. बाकी नेहमीच्या बातम्या. डिसेंबरच्या हाफ मॅरेथॉनचा मार्ग बदलणार, टी-शर्टचा रंग यंदा भगवा (त्यावर मी काही बोलत नाही), दक्षिण आफ्रिकेत जाऊन कॉम्रेड्स धावून आलेल्या दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, नंतर पोहे आणि कॉफी.

दोन तासांच्या सभेत 'जात' हा शब्द फक्त चौथ्या ठरावात आला, तोही मनाई म्हणून. बाकी सगळं काम 'हौशी' या एका शब्दाने केलं. अध्यक्ष डॉक्टरसाहेब फार सौम्य माणूस आहेत. ते म्हणाले, "आपण आरोग्यासाठी, आनंदासाठी धावतो. ही मुलं नोकरीसाठी धावतात. दोन्हीचा हेतूच वेगळा, मिसळून कसं चालेल?" टाळ्या पडल्या. मला हे वाक्य त्या सभेतलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

आता भरतीवाले म्हणजे कोण ते पाहू. बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर आम्ही जी अभ्यासिका चालवतो, तिथली बावीस मुलं-मुली गेल्या वर्षापासून या मैदानावर पळतात. त्यांच्याशिवाय मांगवाड्यातली आहेत, मुस्लिम मोहल्ल्यातली आहेत, पारधी वस्तीवरचे दोघे भाऊ आहेत, आणि शेती नावालाच उरलेल्या मराठा-धनगर घरांतलीही पुष्कळ आहेत. हे मुद्दाम सांगते. भरतीचं मैदान ही आपल्या शहरातली अशी एकमेव जागा असेल जिथे या सगळ्या वस्त्यांची पोरं एका रांगेत उभी राहतात. पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, दोघांनाही शंभर मीटर आणि गोळाफेक. मुलांनी सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारलं तर पूर्ण २० गुण, त्यानंतर सेकंदांच्या हिशोबाने गुण गळत जातात. निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेचं दारच बंद. मिळाले तरी एका जागेला दहा या प्रमाणातच लेखीला बोलावतात. राज्य राखीव दलाला जायचं तर पाच किलोमीटर. यात दहा सेकंद म्हणजे काय, हे हौसेने धावणाऱ्याला सांगून कळत नाही.

आणि वेळ पहाटेचीच का? कारण सातला यातला एक जण दूध टाकायला जातो, दोघे पार्सल वाटतात, तिघे मजूर अड्ड्यावर उभे राहतात, एक मुलगी आईसोबत धुण्या-भांड्याला जाते. संध्याकाळी अंगात त्राण असला तर अभ्यासिका. मुलींसाठी तर पहाटेच्या मैदानाला दुसरा पर्यायच नाही. मैदानावर हायमास्ट दिवा आहे, कुंपण आहे, माणसं आहेत. मैदान बंद झालं तर उरतो बायपास, जिथे पाचला उसाचे ट्रॅक्टर आणि वाळूचे हायवा सुटलेले असतात. ठराव झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पाच मुलींच्या घरच्यांनी पहाटेचा सराव बंद केला. सभेत हे आकडे कुणी मागितले नव्हते, म्हणून इथे लिहिते.

आता त्या 'हौशी' शब्दाकडे येते. आपल्याला वाटतं हा निरागस शब्द आहे, पैसे न घेता खेळणारा तो हौशी. या शब्दामागे जी इंग्रजी 'ॲमॅच्युअर' नावाची कल्पना आहे तिचा इतिहास निरागस नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जेंटलमन लोकांनी आपले धावण्याचे आणि वल्हवण्याचे क्लब काढले तेव्हा त्यांना एक अडचण आली. दिवसभर अंगमेहनत करणारा माणूस त्यांना सहज हरवत होता. मग हौशी कोण याची व्याख्या लिहिली गेली. बक्षिसाच्या पैशासाठी खेळणारा तो हौशी नाही, इथवर ठीक. त्याच्या पुढे जोडलं गेलं की जो कारागीर, यांत्रिक किंवा मजूर आहे तोही हौशी नाही. त्याने खेळातून एक पैसा घेतला नसला तरी. १८६०च्या दशकात लंडनच्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबने हे धोरण चालवलं. १८८०मध्ये ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली तेव्हा धावण्यातून मजुरांवरची ही बंदी गेली. वल्हवण्यात मात्र हेन्लीच्या प्रसिद्ध शर्यतीने १८७९मध्ये तो नियम लिहून ठेवला आणि १९३७पर्यंत जपला. १९२०मध्ये अमेरिकेच्या जॉन केलीचा प्रवेश अर्ज हेन्लीने नाकारला. नकाराच्या कारणांत हाही नियम होता, कारण केलीने गवंडीकाम केलं होतं. त्याच वर्षी त्याने अँटवर्पला ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकलं.

म्हणजे बघा, हौशी ही व्याख्या पैशावरून सुरू झाली आणि हातावर येऊन थांबली. ज्याचे हात कामाचे आहेत तो बाहेर. आपल्याकडे हे समजावून सांगायला वेगळा शब्दकोश लागत नाही. श्रमाला विटाळ मानणारी व्यवस्था आपल्याकडे हजारो वर्षं आहे, इंग्रजांनी ती फक्त स्पर्धेच्या नियमावलीत टाईप केली.

अमेरिकेत जिम थॉर्प नावाचा आदिवासी खेळाडू होता. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं त्याने जिंकली. पुढच्या वर्षी ती काढून घेतली, कारण पूर्वी कधीतरी त्याने थोड्या पैशांवर बेसबॉल खेळलं होतं. श्रीमंत घरातली कॉलेजची पोरंही तेव्हा खोट्या नावाने तेच करत होती. थॉर्पने स्वतःचं खरं नाव वापरलं म्हणून सापडला. पदकं परत करायला समितीला १९८२ उजाडलं, आणि तो एकटाच विजेता होता हे मान्य करायला २०२२. थॉर्प १९५३लाच गेला होता.

आपल्या घरचं उदाहरण पळवणकर बाळूंचं. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर मैदानाची निगा राखायला कामाला होता आणि पगार घेऊन साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकत होता. आजच्या भाषेत मैदान कामगार. पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं म्हणून त्यांनी बाळूंना घेतलं, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते पुढे १९२३मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही बऱ्याच ओढाताणीनंतर. (१९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांसमोर उभं केलं आणि बाबासाहेब जिंकले. तो वेगळा विषय आहे, पण आपल्या पोरांना माहीत असावा.) बाळूंची गोलंदाजी घडली ती नोकरीत. हौस म्हणून नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकायला त्यांच्याकडे फुकटचा वेळ कुठून येणार होता?

आपल्या देशातली लांब पल्ल्याची धाव तर जवळजवळ पूर्णच भरतीवाल्यांची आहे. शिवनाथ सिंग यांनी १९७८मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि तो विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. ते सैन्यात होते आणि अनवाणी धावण्यासाठीच ओळखले जात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. धावायला गंभीरपणे लागला तो तिथे गेल्यावर. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आणलं. १९६०मध्ये रोमच्या रस्त्यांवर अनवाणी मॅरेथॉन जिंकणारा अबेबे बिकिला इथिओपियाच्या सम्राटाच्या अंगरक्षक दलातला शिपाई होता. आमच्या क्लबच्या नव्या घटनेनुसार या तिघांनाही पहाटे पाच ते साडेसात मैदानावर येता आलं नसतं. आणि गंमत अशी की क्लबच्या ग्रुपवर साबळेचा व्हिडिओ सगळ्यात जास्त वेळा फॉरवर्ड झालेला आहे.

डॉक्टरसाहेबांच्या वाक्याकडे परत येते. 'हेतू वेगळा.' क्लबमधले हेतू मला माहीत आहेत. एकाला साखर कमी करायची आहे. एकाला ऑफिसातल्या साहेबासोबत टाटा मुंबई मॅरेथॉनला जायचंय. एक बांधकाम व्यावसायिक आहेत, त्यांना इथे गिऱ्हाईक मिळतं, आणि ते लपवत नाहीत. विमा एजंट तर तीन आहेत. यातला एकही हेतू वाईट नाही. पण यातले बरेचसे 'व्यावसायिक' आहेत, फक्त त्यांचा व्यवसाय धावून झाल्यावर कॉफी पिताना चालतो. समाजशास्त्रात पिअर बोर्द्यू नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने याला सामाजिक भांडवल म्हटलं. ओळखी हे भांडवल असतं, ते क्लबात, जिमखान्यात, लग्नात साठतं आणि गरज पडली की पैशात मोडता येतं. वस्तीतली मुलगी सोळा रुपयांचं केळी-दूध खाऊन आठशे मीटर मारते तेव्हा तिचा स्वार्थ उघडा दिसतो. आपला दिसत नाही, एवढाच फरक.

तिसरा ठराव लोकांना किरकोळ वाटला, मला सगळ्यात जुना वाटला. दोन जुन्या सभासदांची शिफारस. क्लबचे सभासद येतात कुठून? दोन कॉलन्या, एक इंग्रजी शाळा, डॉक्टरांची संघटना आणि वकील मंडळी. शिफारस म्हणजे ओळख, ओळख म्हणजे शेजार, आणि आपल्याकडे शेजार जातीने ठरतो. घर भाड्याने बघायला गेलेल्या प्रत्येक कांबळे-गायकवाडला हे पाठ आहे. बाबासाहेबांनी १९१६मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला. त्यातलं मूळ निरीक्षण असं की एका वर्गाने स्वतःला आतून कोंडून घेतलं की बाकीचे आपोआप बाहेर कोंडले जातात, त्यांना वेगळं हाकलावं लागत नाही. रोटीबेटीचं जे, तेच शिफारसपत्राचं. उद्या कुणी विचारलं की तुमच्या क्लबमध्ये दलित किती, तर उत्तर तयार आहे: आम्ही कधी कुणाला नाही म्हटलं? खरं आहे. अर्जच येणार नाही.

कॉम्रेड्सचा सत्कार झाला तेव्हा मी मनापासून टाळ्या वाजवल्या. डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या शहरांमधली सुमारे ९० किलोमीटरची ती धाव पूर्ण करणं खायचं काम नाही. पण त्याच व्यासपीठावरून अर्ध्या तासाने शिफारशीचा ठराव वाचला गेला, म्हणून या शर्यतीचा इतिहासही सांगायला हवा. कॉम्रेड्स १९२१मध्ये सुरू झाली, पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ. नाव सहकाऱ्यांचं, आणि काळ्या माणसांना तसंच स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७५पर्यंत नाही. रॉबर्ट म्तशाली नावाचा काळा धावपटू १९३५मध्ये तरीही धावला. त्याला क्रमांक नव्हता, निकालात नाव नव्हतं. ८४ वर्षांनी, २०१९मध्ये, आयोजकांनी त्याच्या नावाचं पदक सुरू केलं. नऊ ते दहा तासांत शर्यत संपवणाऱ्याला ते मिळतं. आमच्या सभासदाच्या गळ्यात ते असतं तर त्याने त्यावरचं नाव वाचून दाखवावं, अशी विनंती मी नक्की केली असती.

चौथ्या ठरावावर जास्त शब्द घालवत नाही. ग्रुपवर रोज सकाळी देवांचे फोटो येतात, ते संस्कृती. २२ जानेवारीला जे आलं, तो आनंद. १४ एप्रिलला एका सरांनी 'जय भीम' लिहिलं तेव्हा ॲडमिनने 'कृपया राजकीय पोस्ट नकोत' असं लिहिलं. ठरावाचा जन्म त्या दिवशी झाला, सभेत फक्त नामकरण झालं. मी या ठरावाला विरोध केला नाही, कारण तो सगळ्यांना सारखा लावला तर मला चालतो. लावला जातो का ते बघत राहणार आहे आणि स्क्रीनशॉट ठेवते आहे.

आता क्लबची बाजू, कारण ती अगदीच पोकळ नाही. क्लबने मैदानावर मुरूम टाकला, पाण्याची टाकी बसवली, दरवर्षी झाडं लावली. खर्च सभासदांच्या वर्गणीतून झाला. काही मुलं उलट्या दिशेने पळतात, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतात, थुंकतात. म्हाताऱ्या सभासदांना धक्का लागून एकदा एक बाई पडल्या, ते मी स्वतः पाहिलं. शिवाय शहरात दोन भरती अकॅडम्या आहेत. त्या एकेका पोराकडून दरमहा दोन-अडीच हजार घेतात आणि याच सार्वजनिक मैदानावर साठ-साठ मुलांच्या रांगा लावतात. हा धंदा आहे आणि त्यावर नियंत्रण पाहिजे, याबाबत मी क्लबच्या बाजूने आहे. पण या सगळ्याला वेळापत्रक आणि रेघा हे उत्तर आहे. आतल्या दोन रांगा वेगाने पळणाऱ्यांना, बाहेरच्या चालणाऱ्यांना. एकाच दिशेने धावायचं. अकॅडमीला वेगळी वेळ आणि नगरपरिषदेचं शुल्क. हे मी सभेत मांडलं. सचिव म्हणाले, "मॅडम, प्रॅक्टिकल नाही." ज्या लोकांनी दीड हजार धावपटूंची हाफ मॅरेथॉन पाच पाणी-थांब्यांसह बिनचूक पार पाडली, त्यांना चुन्याच्या चार रेघा प्रॅक्टिकल वाटत नाहीत.

आणि मुरूम टाकला म्हणून मैदान मिळतं का? जमीन नगरपरिषदेची, कुंपण आणि हायमास्ट नगरपरिषदेच्या पैशाने. संविधानाचं अनुच्छेद १५(२) वाचा. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या, किंवा लोकांसाठी खुल्या केलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरापासून कुणालाही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवता येत नाही. आणि हे कलम फक्त सरकारला बांधत नाही, खाजगी माणसालाही बांधतं. क्लब म्हणेल, आम्ही जातीवरून कुठे अडवलं, हेतूवरून अडवलं. कोर्टात हा युक्तिवाद टिकेलही, म्हणून मी त्या एका कलमावर सगळी भिस्त ठेवायला सांगत नाही. पण सार्वजनिक जागेचा वापर काही लोकांपुरता करणारा करार नगरपरिषदेने कशाच्या आधारावर केला, हा प्रश्न जातीच्या पुराव्याशिवायही उभा राहतो.

या प्रश्नाचा आपल्याकडे मोठा वारसा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली आणि चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४मध्ये त्यानुसार चवदार तळं खुलं केलं, कागदावर. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा पाण्याला हात लागला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे न्यायालयात दहा वर्षं गेली, उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ला आला. मी मैदानाची तुलना तळ्याशी करत नाही, तहान आणि सराव यांत अंतर आहे. मला एवढंच दाखवायचंय की महाडची लढाई दोन पातळ्यांवर चालली होती, पाण्यावर आणि कागदावर. आपण पहिली दरवर्षी साजरी करतो. दुसरीचा अभ्यास करणारी पोरं फार थोडी आहेत.

आपल्यातल्या काही तरुणांचं म्हणणं आहे की त्या क्लबच्या नादी लागूच नका, आपला क्लब काढू, निळा टी-शर्ट करू. कल्पना चांगली आहे आणि मी तिच्यात काम करीन. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९३६ला काळ्या लोकांनी पायोनियर क्लब काढला तो असाच, कारण बाकीच्या क्लबांत त्यांना जागा नव्हती. पण १९४२पासून त्या क्लबने सगळ्या वंशांच्या धावपटूंना दार उघडलं. त्यातलाच टेड कॉर्बिट, गुलामांचा नातू, १९५२च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून मॅरेथॉन धावला आणि १९५८मध्ये न्यूयॉर्कच्या रोड रनर्स क्लबचा पहिला अध्यक्ष झाला. रस्त्यावरच्या शर्यतीचं अंतर अचूक कसं मोजायचं याची पद्धत अमेरिकेत रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. म्हणजे ज्यांना आत घेत नव्हते त्यांच्यातल्या माणसाने पुढे सगळ्यांसाठी मोजपट्टी ठरवली. आपला क्लब काढताना हे डोळ्यांसमोर ठेवू. मैदान त्यांना आणि टी-शर्ट आपल्याला, अशी वाटणी मला मान्य नाही.

दुसरं म्हणणं आमच्याच काही नोकरदार मंडळींचं आहे. क्लबमध्ये आपले सात-आठ लोक आहेत. बँकेत, कॉलेजात, महावितरणमध्ये. सभेनंतर दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, बरोबर बोललात, पण आपण उगाच डोळ्यांवर येतो." त्यांची अडचण मला समजते. मुलीचं ॲडमिशन, बदली, कॉलनीतलं घर, हजार गोष्टी असतात. पण त्या दोघांपैकी एक जण पंधरा वर्षांपूर्वी याच मैदानावर पळून नोकरीला लागला आहे. त्याने निदान शिफारसपत्रावर सही करावी. ठरावानुसार दोन सह्या लागतात आणि आपले सात-आठ सभासद आहेत. एका सभासदाने किती शिफारशी कराव्यात याची मर्यादा ठरावात लिहायला ते विसरले आहेत. वर्गणी तीन हजार ही मुलांच्या आवाक्याबाहेर आहे, तिच्यासाठी आपल्या नोकरदार मंडळींकडे झोळी घेऊन जायला मी तयार आहे. समाजाचं देणं फेडायचं म्हणून भाषणं करतो ती इथे कामाला येतील. पंधरा मुलं सभासद झाली तर पुढच्या सभेत चार हातांचे एकोणीस होतात.

कागदाचं काम असं करायचं. करार झाला तेव्हा नगरपरिषदेवर प्रशासक होता, आता निवडून आलेली माणसं आहेत आणि त्यांना आपल्या वस्तीत मतं मागायला यावं लागतं. त्यामुळे नगराध्यक्षांना निवेदन, त्यावर मैदानावर पळणाऱ्या सगळ्या वस्त्यांच्या मुलांच्या सह्या, केवळ आपल्या नाही. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही. अर्जात तीनच गोष्टी मागा: कराराची प्रत, तो मंजूर करणाऱ्या ठरावाची प्रत, आणि मैदानावर गेल्या पाच वर्षांत नगरपरिषदेने केलेल्या खर्चाचा तपशील. 'का केलं' असं विचारू नका, माहिती अधिकारात 'का'चं उत्तर मिळत नाही, कागद मिळतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. क्लब नोंदणीकृत संस्था आहे, तिची घटना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. दुरुस्ती रीतसर झाली का, नोटीस किती दिवस आधी निघाली, हे सभासद म्हणून मी विचारणार आहे आणि तसा अर्ज तयार आहे.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला विहारात बसू. मुलींनी आपली सरावाची वेळ आणि कामावर जायची वेळ, दोन्ही एका कागदावर लिहून आणावी. निवेदनाला तेच जोडायचं आहे. कुणाच्या घरच्यांना काळजी असेल तर आई-वडिलांनाही सोबत आणा, पहाटे मैदानावर आळीपाळीने कोण थांबणार याची यादीही त्याच दिवशी करू. मोहल्ल्यातल्या आणि धनगरवाड्यातल्या पोरांना निरोप मी दिला आहे, तुम्हीही द्या. कोर्ट फी स्टॅम्प आधीच घेऊन ठेवा, सोमवारी तहसीलसमोर रांग असते.

जय भीम.